खाली लटकणारी ट्रेल: किती ठेवायची, कुठे कापायची

ईमेलवर पाच-सहा जणांची चर्चा चालू असते, मूळ मेलमध्ये चार मुद्दे असतात, आणि मग एकाचं उत्तर येतं, 'हो चालेल, पण नऊला नको', आणि त्याच्याखाली आत्तापर्यंतच्या सगळ्या मेल जशाच्या तशा, म्हणजेच ट्रेल. आता कशाला हो, नऊला काय नको, हे उत्तर नेमकं कुणाला, हे शोधायला बाकीच्या सगळ्यांनी खाली स्क्रोल करत बसायचं. लिहिणाऱ्याचं एक मिनिट वाचलं आणि वाचणाऱ्या प्रत्येकाची पाच-पाच मिनिटं गेली. मी कामानिमित्त दिवसभर मेलमध्येच असते, ऑफिसच्या ट्रेल, सॉफ्टवेअरच्या मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सभासदांना मेल जाते त्या), शिवाय आमच्या सोसायटीचा मेल ग्रुप, त्यामुळे या विषयावर मला मनापासून लिहायचं होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की आधीच्या मेलमधलं जेवढ्याला आपण उत्तर देतोय तेवढंच ठेवायचं, त्याच्या लगेच खाली आपलं लिहायचं, बाकीचं कापायचं, आणि कापताना समोरच्याचं म्हणणं बदलणार नाही एवढं बघायचं. यातलं 'कापा' हे बऱ्याच जणांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, पण 'म्हणणं बदलू देऊ नका' याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि खरी भांडणं तिथेच होतात.

आधी साधं उदाहरण बघू. सोसायटीच्या सचिवांनी मेल टाकली, येत्या रविवारी सकाळी नऊ ते एक टाकी सफाई आहे, लिफ्टचं वार्षिक मेंटेनन्सचं कंत्राट संपतंय म्हणून दोन कोटेशन जोडलीयत, आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी करायचं तर प्रत्येक फ्लॅटमागे किती काढायचे ते कळवा. आता याला नीट उत्तर कसं दिसतं ते बघा:

सचिवांनी लिहिलं:

> येत्या रविवारी सकाळी ९ ते १ टाकी सफाई आहे.

रविवार चालेल, पण ९ ऐवजी १० ला सुरू करता येईल का? तिसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्यांना सकाळी पाणी लागतं.

> लिफ्टच्या कंत्राटाची दोन कोटेशन जोडली आहेत.

दुसरं स्वस्त दिसतंय पण त्यात सुटे भाग धरलेले नाहीत, ते आपल्याला वेगळे भरावे लागतील. पहिलं कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. माझं मत पहिल्याला.

> गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी करायचं तर प्रत्येक फ्लॅटमागे किती काढायचे ते कळवा.

वॉटरप्रूफिंगचं मी घरी बोलून उद्या कळवते.

बास. हे वाचायला वर-खाली करावं लागत नाही, ज्यांनी मूळ मेल वाचलीच नाही त्यांनाही कळतं, आणि पुढचा माणूस फक्त लिफ्टच्या मुद्द्याला धरून बोलायचं तर तेवढाच तुकडा उचलू शकतो. तिसऱ्या मुद्द्याला अजून उत्तर नाही हेसुद्धा मेलमध्ये दिसतं, आणि माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. वरच्या वर दोन ओळी लिहून पाठवल्या की चारातले दोन प्रश्न सहज गळून जातात, मुद्दाम नाही हो, पण गळतात, आणि मग आठवड्याने 'मी विचारलं होतं पण कुणी उत्तर दिलं नाही' सुरू होतं. प्रश्नाखाली उत्तर अशी सवय असली की कुठला प्रश्न रिकामा राहिला ते लिहिणाऱ्यालाच पाठवायच्या आधी दिसतं.

ओळीच्या सुरुवातीला ते > चिन्ह टाकायची पद्धत आजची नाही, युजनेटच्या काळापासूनची आहे. युजनेट म्हणजे कॉम्प्युटरच्या जाळ्यावर विषयवार गटांत लिहायची जुनी चर्चेची जागा, त्यातल्या एकेका गटाला न्यूजग्रुप म्हणायचे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी युजनेटची कल्पना काढली, १९८० मध्ये ते चालू झालं आणि नंतर जगभर पसरलं. पुढे आपल्या लोकांचाही सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी असा न्यूजग्रुप तिथे होता, परदेशातली मराठी मंडळी रोमन लिपीत मराठी लिहून तिथे गप्पा मारायची. तेव्हा नेट महाग आणि हळू, त्यामुळे दुसऱ्याचं शंभर ओळींचं लिखाण परत चिकटवून खाली 'सहमत' लिहिणं म्हणजे सगळ्यांच्याच खिशाला चाट. युजनेटवर पोस्ट पाठवायच्या काही प्रोग्राममध्ये तर अशी सोयच होती की तुमच्या नवीन ओळींपेक्षा उचललेल्या ओळी जास्त झाल्या तर पोस्ट घेतलीच जायची नाही. लोक त्यातूनही पळवाट काढायचे, > च्या जागी दुसरं चिन्ह टाकून, पण निदान मशीन एकदा थांबवून सांगायचं की बाबा रे, तुझं स्वतःचं काय ते लिही.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये नेटवरच्या वागण्याबद्दल एक दस्तऐवज निघाला, आरएफसी १८५५, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला. त्यात हे स्पष्ट आहे की उत्तर देताना वर मूळ मेलचा सारांश द्या किंवा संदर्भ कळेल एवढाच मजकूर ठेवा, सगळीच्या सगळी मेल परत पाठवू नका. योगायोग बघा, त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि ज्यांच्याकडे शेल अकाउंट होतं त्यांना काळ्या स्क्रीनवर नुसता मजकूर दिसायचा. त्या काळातला पाइन नावाचा मेल प्रोग्राम ज्यांनी वापरलाय त्यांना आठवत असेल, रिप्लाय दाबला की तो विचारायचा, मूळ मेल उत्तरात घ्यायची का? हो किंवा नाही. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने निर्णय माणसाकडे ठेवला होता.

नंतर तो प्रश्न विचारायचं बंद झालं. ९७ साली मायक्रोसॉफ्टचं आउटलुक आलं, त्यात रिप्लाय दाबलं की कर्सर सगळ्यात वर आणि मूळ मेल खाली आपोआप, आणि ऑफिसात जगभर तीच पद्धत होऊन बसली. वर लिहायचं, खाली ट्रेल वाढू द्यायची. मग १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं आणि त्याने खालचा मजकूर तीन टिंबांच्या मागे लपवला. दिसायला छान, सुटसुटीत, पण झालं असं की आपण काय पाठवतोय ते आपल्यालाच दिसेनासं झालं, टिंबांच्या मागे चाळीस मेल आहेत याचा पत्ता नसतो आणि सेंड दाबलं की त्या सगळ्या जातात. ज्याच्याकडे दुसरं ॲप आहे त्याला त्या सगळ्या उघड्या दिसतात. मी लोकांना दोष देत नाही, सॉफ्टवेअरने जे समोर ठेवलं ते लोकांनी वापरलं, पण म्हणूनच आता ते टिंब मुद्दाम दाबून बघायची सवय लावून घ्यावी लागते.

ऑफिसमध्ये हे बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं, 'ट्रेल असू दे गं, प्रूफ राहतं'. हे मला अजिबात पटत नाही आणि का ते सांगते. खाली उतरलेला मजकूर हा कुणीही बदलू शकतो, रिप्लाय करताना तो तुमच्या समोर एडिट करण्यासारखा उघडा असतो, एखादा 'नाही' खोडून टाकला तरी मेल तशीच जाते आणि कुणाला काही कळत नाही. पुरावा म्हणून ज्याला किंमत आहे ती म्हणजे मूळ मेल, तिच्या हेडरसकट (कुणी, कुणाला, कधी पाठवली ही सोबतची नोंद), आणि ती ज्याला-ज्याला गेली त्याच्या मेलबॉक्समध्ये आधीपासून आहेच. प्रत्येक मेलला स्वतःचा एक मेसेज आयडी असतो, आणि तुम्ही रिप्लाय करता तेव्हा तुमच्या मेलमध्ये ज्या मेलला उत्तर देताय तिचा आयडी आपोआप लिहिला जातो, त्यावरूनच तर मेल प्रोग्राम सगळी चर्चा एका धाग्यात लावून दाखवतो. म्हणजे तुम्ही खालचं सगळं कापलं तरी साखळी तुटत नाही! हे एकदा लक्षात आलं की कापायची भीती जाते.

ट्रेलचा दुसरा धोका याहून मोठा आहे. आपापसात रेटवर चर्चा झालेली असते, क्लायंट किती ताणेल, किती सोडायचं, कुणाचा स्वभाव कसा, आणि मग दहाव्या मेलला कुणीतरी क्लायंटलाच सीसीत घेतं, 'लूपमध्ये घेतोय' म्हणून, आणि खाली सगळं तसंच. ज्यांनी ऑफिसात चार वर्षं काढलीत त्यांना असा एखादा किस्सा माहीत असतोच. नवीन माणूस लूपमध्ये घ्यायचा असेल तेव्हा खालचं सगळं शेवटपर्यंत एकदा वाचा, आणि त्याहून सोपं म्हणजे त्याला नवीन मेल लिहा, आत्तापर्यंत काय ठरलं ते चार ओळीत सांगा. त्यालाही तेच हवं असतं, चाळीस मेल उलट्या क्रमाने वाचून गोष्ट जुळवायची कुणाला हौस असते?

याच्याच शेजारची गोष्ट, खासगी मेल. कुणी फक्त तुम्हाला लिहिलं आणि तुम्ही ते ग्रुपवर उतरवून उत्तर दिलं, तर ते चूकच, मग त्यात काही गुपित असो वा नसो. आरएफसी १८५५ मध्येही आहे की खासगी मेल ग्रुपवर टाकायची तर आधी परवानगी घ्या, शब्द बदलू नका, लागेल तेवढाच भाग घेतला तरी चालेल पण कुणाचं आहे ते सांगा. तीस वर्षं झाली याला आणि यातला एक शब्दही जुना झालेला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर हे फार होतं, कुणीतरी चेअरमनना एकट्याला विश्वासाने लिहिलेलं असतं शेजाऱ्याबद्दल आणि दुसऱ्या दिवशी ते > लावून सगळ्या विंगांना गेलेलं असतं.

आता येते कापण्यातल्या जबाबदारीवर, कारण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. समजा एका सभासदाने लिहिलं:

> सर्वसाधारण सभेत ठराव झाला तर वॉटरप्रूफिंग लगेच करायला माझी हरकत नाही.

आणि उत्तर देणाऱ्याने ठेवलं:

> वॉटरप्रूफिंग लगेच करायला माझी हरकत नाही.

छान, मग ठरलं तर, उद्यापासून काम सुरू करतो.

शब्द सगळे त्याचेच, एकही बदललेला नाही, आणि तरी त्याचं म्हणणं पार उलटं झालं. अट गेली. पुढचे वाचणारे मूळ मेल कशाला उघडतील, ते या उत्तरावरूनच धरून चालतात की या माणसाने होकार दिला. म्हणून कापताना वाक्य अर्ध्यात तोडायचं नाही, 'जर', 'पण', 'फक्त', 'तोपर्यंत' असले शब्द असतील तर त्यांच्यासकट ठेवायचं, आणि मधलं काही गाळलं असेल तर तिथे [...] टाकायचं म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की इथे अजून काही होतं. दुसऱ्याच्या शुद्धलेखनाच्या चुका > च्या आत सुधारू नका, ते त्याचं लिखाण आहे. आणि मुद्दा लांबलचक असेल, दहा-बारा ओळींचा, तर उचलण्याऐवजी स्वतःच्या शब्दांत सांगा पण 'मला समजलं ते असं' म्हणून सांगा, त्याच्या तोंडी घालू नका.

कुणाचं वाक्य आहे ते सांगणारी ओळ, म्हणजे अमुक तारखेला अमक्याने लिहिलं, ती मात्र कापायची नाही. लोक नेमकी तीच कापतात, कारण ती वरती असते आणि अडगळ वाटते. एका > ला एक माणूस, दोन >> ला त्याच्या आधीचा, अशी पातळी असते, आणि नावाच्या ओळी उडाल्या की मधल्या माणसाचं बोलणं पहिल्याच्या नावावर जातं. लिस्टवर मी अशी भांडणं वाचलीत जिथे दोघं तावातावाने एका वाक्यावर बोलतायत आणि ते वाक्य दोघांपैकी कुणाचंच नाही, तिसऱ्याचं आहे. माझी पद्धत अशी की तीन पातळ्यांच्या वर काही ठेवायचं नाही, आणि ज्या माणसाचा एकही शब्द उरला नाही त्याच्या नावाची ओळपण काढायची, नाहीतर बिचाऱ्याला उगाच वाटतं की मला काहीतरी विचारलंय.

हे सगळं जिथे रोज, मन लावून पाळलं जातं ती जागा म्हणजे लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेलिंग लिस्ट. जगातले इतके सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन ज्या कर्नलवर चालतात त्याचं बरंचसं काम आजही साध्या ईमेलवर होतं, कुणी बदल लिहिला की तो पॅच म्हणून लिस्टवर मेल करायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या ओळींखाली आपलं मत लिहायचं. कर्नलच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये पॅच कसे पाठवावेत त्या भागात हे स्वतंत्रपणे सांगितलंय की उत्तरं कापून-छाटून आणि मधेमधे द्या, वर लिहायची पद्धत इथे नको. एचटीएमएल मेल, म्हणजे रंग-फॉन्ट वगैरे सजावट असलेली, तर त्यांच्या लिस्टचा सर्व्हर घेतच नाही, परत पाठवतो.

एक रिव्ह्यू कसा असतो ते सांगते. समजा तीनशे ओळींचा पॅच आहे आणि रिव्ह्यू करणाऱ्याला दिसलं की एका ठिकाणी मेमरी मागितलीय पण ती खरंच मिळाली का हे तपासलेलं नाही. तो काय करतो, पॅचमधल्या त्या तुकड्याची वरची ओळ ठेवतो जिच्यात कुठलं फंक्शन ते असतं, मेमरी मागितलेली ती ओळ ठेवतो, तिच्या पुढची एक-दोन, आणि बाकी सगळं उडवतो, आणि त्या ओळीच्या खाली लिहितो की इथे मेमरी मिळाली नाही तर पुढच्याच ओळीला सिस्टिम कोसळेल, आधी तपासा. तेवढीच मेल. लिहिणारा त्या एका ओळीखाली उत्तर देतो, बरोबर आहे, पुढच्या व्हर्जनला दुरुस्त करतो, किंवा नाही, वरच्या फंक्शनमध्ये तपासलंय, ही बघा ती ओळ. दिवसाला शेकडो मेल येणाऱ्या लिस्टवर हे चालतं ते केवळ या शिस्तीमुळे, आणि शिस्त म्हणजे कडकपणा नाही हो, वाचणाऱ्याच्या वेळेची कदर आहे. या लिस्टच्या मेल आर्काइव्हमध्ये राहतात, पाच वर्षांनी कुणी शोधत आला की ही ओळ अशी का आहे तर त्याला त्या ओळीखालीच कारण सापडतं. कर्नलच्या कामाशी ज्यांचा काही संबंध नाही त्यांनीही एकदा त्यांच्या आर्काइव्हमधली एखादी चर्चा वाचून बघावी असं मला वाटतं.

ऑफिसात याच्या जवळ जाणारी पद्धत म्हणजे 'प्लीज सी इनलाइन' (मधेमधे उत्तर दिलंय, बघा) आणि 'माझे कमेंट निळ्यात'. हेतू चांगला आहे, पण रंग टिकत नाहीत. पहिल्याने निळ्यात लिहिलं, दुसऱ्याने लाल, तिसऱ्याने हिरवं, आणि चौथ्याच्या फोनवर सगळं काळंच आलं, किंवा डार्क मोडमध्ये गडद निळं दिसेनासं झालं, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक ओळखता येत नाही त्यांचं काय? रंग हवा तर ठेवा पण सोबत ओळीच्या सुरुवातीला नाव लिहा, म्हणजे रंग गेला तरी नाव राहतं. क्लासिक आउटलुकच्या सेटिंगमध्ये तर अशी सोयच आहे की मूळ मजकुरात मधे लिहायला लागलं की तुमचं नाव आपोआप पुढे लागेल.

आता वरती लिहिणं कायम वाईट का, तर नाही. कुणी फाइल पाठवली आणि तुम्हाला 'मिळाली, बघून सांगते' एवढंच म्हणायचंय तर वर लिहा, खालचं सगळं पुसून टाका, झालं. फॉरवर्ड करताना तर मूळ मेल अख्खीच जायला हवी, एक अक्षर न बदलता, आणि वर तुम्ही ती का पाठवताय ते. काही कंपन्यांच्या तिकीट सिस्टिममधून येणाऱ्या मेलवर 'या ओळीच्या वर उत्तर लिहा' असं असतं, तिथे खाली मधेमधे लिहिलंत तर सिस्टिम ते कापून टाकू शकते आणि तुमचं उत्तर कुणापर्यंत पोचणारच नाही. आणि ज्या ऑफिसात सगळे वर लिहितात तिथे एकट्याने खाली लिहिलं तर लोकांना वाटतं मेल रिकामी आली, कारण ते खाली बघतच नाहीत. तिथे मी वर लिहिते, पण पहिल्या वाक्यात मुद्दा परत सांगते: 'टेस्टिंगची तारीख पुढे न्यायची का असं तुम्ही विचारलंत, त्याला माझं उत्तर हो.' नुसतं 'हो' कधीच नाही.

आणखी एक बाजू मला एका स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या मैत्रिणीमुळे नीट कळली. डोळ्यांनी वाचणारा माणूस न कापलेल्या साठ ओळी अंगठ्याने एका झटक्यात सरकवतो, तिला मात्र त्या पार करत जावं लागतं आणि तेही प्रत्येक ओळीच्या आधी त्या चिन्हाचं नाव ऐकत. खाली लिहा खाली लिहा म्हणणारे लोक सगळं तसंच ठेवून तळाला एक ओळ लिहितात ना, ते तिच्यासाठी वर लिहिण्यापेक्षाही वाईट. त्यामुळे वर की खाली हा वाद मला दुय्यम वाटतो. दोन ओळी ठेवून त्याखाली उत्तर दिलं तर तिलाही चालतं आणि मलाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे म, त्याची वेलांटी, त्याचा अनुस्वार, हे युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट घेतं, इंग्रजीचं अक्षर एकच. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढे मेल गेली की ती अर्ध्यात कापून दाखवतं, पुढचं बघायला वेगळी लिंक दाबावी लागते. म्हणजे मराठीतली चर्चा, सगळ्यांच्या ट्रेल आणि सह्या आणि ते वकिली डिस्क्लेमर धरून, इंग्रजीपेक्षा कितीतरी आधी त्या मर्यादेला पोचते, आणि मग ज्यांनी शिस्तीने खाली लिहिलंय नेमकं त्यांचंच लिखाण दिसत नाही. मराठीत चर्चा करणाऱ्यांना कापायचं कारण उलट जास्त आहे.

सह्यांवरून आठवलं, सहीच्या आधी एका ओळीवर दोन डॅश आणि एक स्पेस टाकायचा जुना संकेत आहे, बरेच मेल प्रोग्राम ते ओळखतात आणि रिप्लाय करताना खालची सही आपोआप वगळतात. सहीत तुमचं पद, तीन फोन, लोगो आणि झाडं वाचवा असेल तर निदान ते दुसऱ्यांच्या उत्तरात तरी फिरत राहणार नाही.

लिस्टच्या डायजेस्टला उत्तर देणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. डायजेस्ट म्हणजे दिवसभराच्या सगळ्या मेल एकत्र बांधून आलेल्या, तिला रिप्लाय केलं की विषयाच्या जागी नुसता डायजेस्टचा नंबर जातो आणि खाली त्या वीस मेल परत सगळ्यांना. विषय बदला, ज्या मेलला उत्तर आहे तिचा विषय तिथे टाका, आणि बाकीच्या मेल उडवा. तसंच चर्चा भरकटून दुसरीकडे गेली तर विषयाची ओळ बदलून पुढे 'आधीचा विषय अमुक' असं लिहायची पद्धत चांगली आहे. लिफ्टच्या मेलला रिप्लाय करून पार्किंगचं भांडण सुरू करू नये, नंतर दोन्हीतलं काहीच सापडत नाही.

सोयी तुमच्या ॲपमध्ये बहुतेक आहेतच. थंडरबर्डमध्ये हवा तो भाग माउसने सिलेक्ट करून मग रिप्लाय दाबलं की तेवढाच भाग उतरतो, आयफोनच्या मेल ॲपमध्येही तसंच. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंगमध्ये उत्तर मूळ मजकुराच्या खाली सुरू करायचं की वर तेही ठरवता येतं. क्लासिक आउटलुकमध्ये मूळ मजकुराच्या प्रत्येक ओळीला चिन्ह लावायचा पर्याय आहे, आणि मूळ मजकूर घ्यायचाच नाही असाही आहे. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर ती तीन टिंब दाबा, सगळं उघडेल, मग नको ते पुसा आणि मधे एंटर मारून लिहा. फोनवर हे कटकटीचं आहे हे मान्य, म्हणून चार मुद्द्यांची मेल असेल तर मी फोनवरून उत्तर देतच नाही, 'संध्याकाळी लिहिते' एवढंच कळवते.

खरं तर व्हॉट्सॲपवर हे सगळ्यांना जमतं. ग्रुपवर पन्नास मेसेज पडलेले असताना हव्या त्या मेसेजला बोटाने सरकवून त्यालाच उत्तर द्यायचं हे माझ्या सासूबाईंनाही कुणी शिकवलं नाही, त्यांना आपसूक कळलं कारण त्याशिवाय गोंधळ होतो. तिथे अख्खा मेसेज उचलावा लागतो, मेलमध्ये त्यातलं नेमकं वाक्य उचलता येतं, एवढंच पुढचं पाऊल आहे.

आणि ग्रुपवर कुणी नवीन माणसाने सगळी ट्रेल खाली सोडून उत्तर दिलं तर त्याला सगळ्यांसमोर नियम शिकवू नका, विशेषतः वयस्कर मंडळींना, ते परत लिहायचेच बंद होतात. आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत, त्यांचे मुद्दे फार मोलाचे असतात, पण चाळीस ओळींखाली गाडलेले असायचे. त्यांना मी वेगळी मेल केली, 'काका, तुमचा टाकीबद्दलचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो लोकांच्या नजरेतून सुटू नये म्हणून असं लिहून बघाल का', आणि त्यांचीच मेल छाटून, त्यांच्या दोन ओळी सचिवांच्या ज्या वाक्याला होत्या त्याच्याखाली लावून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तशीच ग्रुपवर टाकली, आणि टाकीचा व्हॉल्व्ह आधी बदलून मग सफाई करायची हे त्यावरच ठरलं.